हळद लागलेल्या चटया

भरिताला बसल्यावर कारखान्याचा विषय काढायचा नाही, असं भाईदासआबांनी शनिवारीच बजावलं होतं. तेवढ्यावरून सगळ्यांनी ओळखलं, की रविवारी असोद्याच्या मळ्यात दुसरा विषय निघणार नाही. या घरात ज्या गोष्टीला मनाई व्हायची तीच आधी बोलली जायची, आणि मनाई करणारे आबाच बहुतेक वेळा सुरुवात करायचे.

सकाळी दहाला कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, पऱ्हाटीचा जाळ पेटला. हिरव्या, पांढऱ्या रेघांच्या मोठ्या वांग्यांच्या सालीला चरचरून फोड येऊ लागले. आबांचा थोरला मुलगा हितेंद्र लांब काठीनं ती फिरवत होता आणि डोळ्यांत धूर गेला असं म्हणत मुलीकडे बघायचं टाळत होता. मेघा कांद्याची पात चिरत होती. तिला सोमवारपर्यंत पुण्याच्या कंपनीला नोकरीसाठी हो किंवा नाही कळवायचं होतं. 'हो कळव' असं बापानं शुक्रवारीच सांगितलं होतं. एका ओळीत सांगितलं आणि मोटरसायकल काढून निघून गेला. प्रेमळ बापांना कठोर बोलता येत नाही, म्हणून ते असं बोलून पळून जातात.

भानगड बुधवारची होती.

जळगावच्या एमआयडीसीतला त्यांचा चटयांचा कारखाना लहानच होता. धाग्याचं मशीन एक आणि माग सोळा. पण माल त्रेचाळीस तऱ्हेचा. लग्नाच्या हॉलसाठी लांबलचक, शाळेसाठी आखूड, देवघरासाठी वीतभर, आणि प्रत्येकात रंग वेगळे. धाग्याच्या मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळतो, त्यात रंग पडतो, धागा निघतो. रंग बदलला की मशीनच्या पोटात उरलेला आधीचा रंग पुढच्या धाग्यात उतरतो. म्हणून फिक्यावरून गडदाकडे जायचं. आधी पांढरा, मग पिवळा, केशरी, लाल, निळा, शेवटी काळा. गडदानंतर फिका घ्यायचा झाला तर मशीनचं पोट धुवायला दीड-दोन तास जातात आणि सोळा माग धाग्याची वाट बघत उभे राहतात.

हे आबांना कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. कारखाना नवा होता तेव्हा रोज मालाची नासाडी व्हायची. एकदा ते मळ्यातल्या विहिरीवर डोकं धरून बसले होते आणि त्यांच्या बायको झुंबरबाई शेजारी धुणं धुत होत्या. पाणी एकच बादली. त्यांनी आधी पांढरी धोतरं काढली, मग लुगडी, आणि सगळ्यात शेवटी आबांचे तेलकट कपडे. आबा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या दारात लाकडी फळी ठोकली, तिच्यावर खिळे मारले आणि प्रत्येक खिळ्यावर धाग्याची एकेक रंगीत पट्टी टांगली. त्या दिवसापासून मशीन फळी बघून चालू लागलं. झुंबरबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, फळी तिथेच होती.

मेघा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग करून आली. तिनं तीन आठवडे हातात घड्याळ घेऊन मशीनवाल्या लोटनशेजारी उभं राहून काढले. कुठल्या रंगावरून कुठल्या रंगावर जायला किती मिनिटं लागतात, याचा तक्ता केला. कुठली चटई कुठल्या मागावर किती वेळ घेते आणि कुणाला माल कधी हवाय, हे सगळं कम्प्युटरला घातलं. कामं कुठल्या क्रमानं घेतली तर मशीन कमीत कमी वेळ उभं राहील आणि कुणाचाच माल उशिरा जाणार नाही, याचे हजारो क्रम तो एका मिनिटात लावून बघायचा. पहिल्या दिवशी त्यानं काढलेला क्रम आणि आबांची फळी शेजारी ठेवली, तर फरक फक्त दोन ठिकाणी होता. मेघानं तो दिवस आनंदात घालवला. तिला वाटलं होतं ती आबांना काहीतरी नवं शिकवायला आलीय, आणि आबा तर आधीच तिथे जाऊन बसले होते.

पंधरा दिवस कम्प्युटरच्या क्रमानं चालवून बघायचं ठरलं. आबांची अट एकच. कागद भिंतीला चिकटवायचा नाही, फळीवर आपणच टांगणार. मग रोज सकाळी मेघा कागद वाचायची आणि आबा पत्र्याच्या डब्यातून पट्ट्या काढून टांगायचे.

बुधवारी धाग्याच्या मशीनवर पिवळ्यानंतर पांढरा चालला. शेडमधल्या ट्यूबच्या उजेडात कुणाला काही दिसलं नाही. शुक्रवारी धुळ्यात विक्री बघणाऱ्या प्रेमराजनं अंगणात गठ्ठा सोडला, तर चारशेच्या चारशे चटयांवर फिकट पिवळी छटा. लग्नाच्या हॉलवाल्यानं पांढऱ्या मागितल्या होत्या. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "नवरीच्या आधी चटयांनाच हळद लावली का?" ही थट्टा धुळ्याच्या बाजारात दुपारपर्यंत फिरली आणि प्रेमराजला फार लागली.

लोटनला विचारलं तर तो म्हणाला, फळीवर जसं होतं तसंच केलं. त्याच्या भाषेत, "माले वाटनं, कम्प्युटरनी नवी रीत व्हई." वीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला पांढऱ्याच्या आधी पिवळा खटकला होता. पण या पंधरवड्यात कम्प्युटरशी वाद घालायचा नाही, असं त्याला हितेंद्रनंच सांगून ठेवलं होतं. मग चूक कम्प्युटरची ठरली, आणि कम्प्युटर मेघाचा. प्रेमराजनं हॉलवाल्यालाही तेच सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि 'माझ्याकडून राहिलं असेल' एवढंच म्हणाली.

त्या मान खाली घालण्यावर मेघाच्या आईचा, डिंपलचा विश्वास बसला नव्हता. आपली मुलगी चुकली तर सात वेळा माफी मागते, आणि चुकली नसेल तरच अशी एका वाक्यात गप्प होते, हे आईला ठाऊक होतं. शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर चार्जर शोधायला तिनं मेघाची बॅग उघडली आणि तळाशी चार घड्या घातलेला बुधवारचा कागद सापडला. पहिल्याच ओळीत पांढरा, दुसऱ्या ओळीत पिवळा. कागद बरोबर होता. म्हणजे फळीवर उलटं टांगलं ते आबांनी.

चोवीस वर्षं कारखान्यातली शिलाई सांभाळताना डिंपलनं सासऱ्यांचा हात कधी चुकलेला पाहिला नव्हता. तेव्हा हे चुकून झालं असेल असं तिच्या मनात आलंच नाही. आबांना कम्प्युटर नकोय, असं तिनं धरलं. नातीला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून दोन पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. आणि ती वेडी पोर म्हाताऱ्याला सांभाळून घेते आहे. मळ्यात आल्यापासून डिंपल पुऱ्या लाटत होती आणि एकेका पुरीवर राग काढत होती. शनिवारीच धुळ्याहून आलेल्या जाऊबाई रूपानं दोनदा विचारलं, आज पुऱ्या एवढ्या पातळ कशा.

अकराच्या सुमारास प्रेमराजची गाडी आली. तो आबांचा धाकटा मुलगा, धुळ्यात सगळी विक्री तोच बघायचा. तीस वर्षांत त्याच्या बोलण्यात धुळ्याचं पाणी इतकं मुरलं होतं की हितेंद्र त्याला 'आमच्या घरचा पाहुणा' म्हणायचा. उतरतानाच तो म्हणाला, "भाऊ, बठ्ठा माल पिवया शे. बठ्ठा." म्हणजे सगळाच्या सगळा पिवळा. मग आबांकडे बघून शहाण्यासारखा नमस्कार केला.

आबा आंब्याखाली खाटेवर बसले होते. मनाई त्यांनी केली होती, तरी विचारलं त्यांनीच, "नमुना आणला का?"

खरं सांगायचं तर आबांना या प्रकरणात थोडा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना दोन दिवस लाज वाटत होती. नातीवर त्यांचा जीव होता. तिनं तक्ता केला तेव्हा छाती भरून आली होती. पण शुक्रवारी कम्प्युटर चुकला हे ऐकल्यावर आत कुठेतरी हलकं वाटलं. अजून फळीला माणूस लागतो, असं वाटलं. दिवाळीपासून त्यांना सगळीकडे धूर भरल्यासारखं दिसत होतं. थंडीचं धुकं असेल, असं ते स्वतःला सांगायचे. डब्यात पट्ट्यांची जागा ठरलेली होती, हात आपोआप जायचा, म्हणून अडत नव्हतं. मंगळवारी हितेंद्रनं दाराला रंग लावून घेतला, तेव्हा रंगाऱ्यानं डबा उपडा करून पट्ट्या पुन्हा कशाही भरल्या. ते आबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं.

जेवायच्या आधी दोन्ही भावांनी बोलून टाकलं. प्रेमराजचं म्हणणं, त्रेचाळीस तऱ्हा हव्यात कशाला, सहा ठेवा, म्हणजे फळीही नको आणि कम्प्युटरही नको. हितेंद्र म्हणाला की बाकीच्या सदतीस तऱ्हांवरच आपण आजवर तगलो आहोत. शाळावाले, देवघरवाले, खेड्यातले दुकानदार दुसरीकडे जातील. एरवी दोघांचं एवढ्यावरूनच जुंपायचं. पण आज दोघे एका गोष्टीवर एक झाले, मेघाचा कम्प्युटर बंद करायचा आणि फळी होती तशी चालू द्यायची. पोरीनं पुण्याला जावं, तिथे तिच्या शिक्षणाचं चीज होईल. भाऊ इतक्या गोडीनं एकमेकांना दुजोरा देत होते, की रूपाकाकूही पुऱ्या तळायच्या थांबल्या.

पात कधीच चिरून झाली होती, मेघा नुसती सुरी पुसत बसली.

डिंपलला राहवलं नाही. पदराला हात पुसत ती उठली. "प्रेमराजभाऊ, त्या चटया आबांना दाखवा. घरात रंग कळणारा माणूस एकच आहे. काय झालं ते त्यांनाच सांगू द्या."

"आई, नको," मेघा म्हणाली.

"का नको?"

आईच्या डोळ्यांत बघून मेघाला कळलं की कागद सापडला आहे, आणि हेही कळलं की आईला फक्त अर्धंच कळलंय. पण ते सगळ्यांदेखत सांगायचं कसं?

प्रेमराजनं गाडीतून दोन चटया आणल्या. एक बुधवारची आणि एक मागच्या महिन्यातली, चांगल्या मालाची. दोन्ही त्यानं खाटेसमोर उन्हात शेजारी-शेजारी पसरल्या. एक दुधासारखी पांढरी, दुसरी पाण्यात हळद कालवल्यासारखी. चुलीजवळून रूपाकाकूंनाही फरक दिसत होता.

आबा खाली वाकले. एका चटईवर हात फिरवला, मग दुसरीवर. वीण बघितली, कड चाचपली. डिंपल त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होती. आता पकडले जातील, असं तिला वाटत होतं.

"वीण चांगली आहे," आबा म्हणाले. "खराब कोणती? ती आण ना."

प्रेमराजला वाटलं आबा थट्टा करताहेत, म्हणून तो हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. आबांनी मान वर केली. ते ज्या चटईवर हात ठेवून विचारत होते ती पिवळी होती.

याच माणसानं एकदा शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या दोन निळ्यांतला फरक सांगितला होता. आकाशी कोणता आणि मोरपंखी कोणता, हे व्यापारी त्यांना विचारायला यायचे. डिंपलचा राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी इतकी लाज भरली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. आपण या माणसावर कपटाचा आळ घेतला होता.

मेघा धावत आली आणि खाटेजवळ खाली बसली. "आबा, ऊन डोळ्यांवर येतंय, म्हणून. चला, जेवायला बसू. भरीत झालंय."

"थांब," आबा म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी माणसं कशी गप्प बसतात ते त्यांना ऐकू येत होतं. "ही पिवळी आहे का?"

मेघा मोकळ्या हातानं चटईची कड दुमडत राहिली.

"माय, खरं सांग. बुधवारी कागदात पयलं काय व्हतं?"

"पांढरा."

"मंग टांगलं मी सोता." हा त्यांनी प्रश्न केला नव्हता. त्यांना डबा आठवला, त्या दिवशी पट्ट्यांचा गुंता हाताला वेगळा लागला होता तेही आठवलं. "तुले माहीत व्हतं?"

"शुक्रवारी बुधवारचा कागद पुन्हा काढून बघितला तेव्हा कळलं. मग मी तुम्हाला एक पिवळी पट्टी दाखवून विचारलं होतं, ही पांढरी ना. तुम्ही हो म्हणालात."

"अन् तू काहून बोलली नही?"

मेघाला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. "रंगाचं कुणी तुम्हाला शिकवावं, हे मला बघवलं नसतं. कम्प्युटर चुकला म्हटलं तर काय बिघडतं? तो काही मनाला लावून घेत नाही."

हितेंद्र काठी टाकून जवळ आला होता. बापाजवळ बसावं की मुलीजवळ, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो दोघांच्या मधे पिवळ्या चटईवर बसला. चार महिन्यांत बापाचे डोळे गेले आणि रोज समोरासमोर चहा पिऊन आपल्याला कळलं नाही, आणि मुलीनं तीन दिवस गुन्हा अंगावर घेतला तेही कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मी तिला जा म्हटलं, आबा." आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. शुक्रवारपासून तो हात राहून गेला होता.

मेघाचं मनगट न सोडता आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, चूक कम्प्युटरची नाही, पोरीची नाही, लोटनची नाही. मशीन थांबवून 'असं कसं' म्हणायला लोटनला आपण घरच्यांनीच बंदी केली होती, तीही चूक आपलीच. हॉलवाल्याला प्रेमराजनं हेच सांगायचं, नाव घेऊन सांगायचं. प्रेमराज म्हणाला, "नाव कशाला घ्यायचं आबा?" तर आबा म्हणाले, "तिचं नाव घेतलं व्हतं ना बाजारात? मंग माझं घे."

त्यानंतर जेवणं झाली. केळीच्या पानांवर भरीत, पुरी, कढी. भरीत दोनदा कमी पडलं. डिंपल आबांच्या पानावर वाढायला वाकली तेव्हा म्हणाली, "आबा, मी मनात तुमच्याविषयी फार वाईट आणलं होतं." आबांनी काय आणलं ते विचारलं नाही. पुरी फार पातळ लाटली आहेस, एवढंच म्हणाले, आणि आणखी दोन मागितल्या. प्रेमराजनं तिथूनच धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला. मोतीबिंदू असेल, दोन्ही डोळे एकदम करत नाहीत, आधी एक, मग काही दिवसांनी दुसरा, असं तिकडून कळलं. आबांनी मेघाला हाक मारून सांगितलं, की दोन डोळ्यांच्या मधे बदलीचा वेळ किती लागतो ते विचारून घे आणि तक्त्यात धर. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. सहा तऱ्हा ठेवाव्यात हे प्रेमराजनं त्या दिवशी पुन्हा काढलं नाही. पुढे काढणार होताच, पण त्या दिवशी नाही.

सोमवारी सकाळी पावणेआठला मेघा कारखान्यात आली, तेव्हा आबा फळीखाली स्टूल घेऊन बसले होते. पट्ट्यांचा डबा मांडीवर होता. पुण्याला तिनं घरूनच 'नाही' असं कळवलं होतं. हितेंद्र मागे उभा होता, आणि लोटनही, कारण आता लोटननं रोज कागद आधी ऐकायचा आणि खटकलं तर तिथेच बोलायचं, असं ठरलं होतं.

मेघा कागद वाचू लागली. एकेक पट्टी ती डब्यातून काढायची, रंगाचं नाव घ्यायची आणि आबांच्या हातात द्यायची. आबा खिळा चाचपून टांगायचे. ती स्वतःच टांगू शकली असती आणि काम निम्म्या वेळात झालं असतं, पण तसं कुणी म्हटलं नाही.

"पांढरा," ती म्हणाली.

"पांढरा," म्हणत आबांनी तो पहिल्या खिळ्यावर लावला.

नऊ पट्ट्या झाल्या. मग ती थांबली.

"संपलं?" आबांनी विचारलं.

"शेवटची एक ओळ आहे. ती मशीनची नाही."

"वाच."

"फळी. भाईदास आबा, मदतीला मेघा. सात पंचेचाळीस ते आठ पाच. वीस मिनिटं. रोज."

हितेंद्रनं तोंड दुसरीकडे फिरवलं. आबा डब्याचं झाकण लावत होते, ते हातातच राहिलं. या तक्त्यात मशीनला जागा होती, मागाला होती, रंग धुवायच्या वेळेला होती, आणि आज त्यात ते स्वतः होते, कागदावर शेवटी, पण वेळेनं पांढऱ्याच्याही आधी. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. पुसून काही स्पष्ट दिसणार नव्हतं, हे त्यांना आता ठाऊक होतं.

"वीस कमी पडतीन," ते म्हणाले. "अर्धा तास धर. मले दिसत नही."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. मेघानं पेन काढलं, आणि वीसचे तीस केले.